आधी परतीचे दिवस ठरव

(वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं. या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही पत्रांतल्या बायका पुन्हा शिकायला निघाल्या आहेत आणि त्याआधी एकटीनं लांब जाऊन येणार म्हणतात.)

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी २७ वर्षांची, मूळ हिंगणघाटची. पाच वर्षं पुण्यात आयटी कंपनीत नोकरी केली, जूनअखेर राजीनामा दिला. शिक्षिका व्हायचं आहे म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतलाय. कॉलेज सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. आमच्या गावावरून जो हायवे जातो तोच पुढे कन्याकुमारीला पोचतो. लहानपणापासून त्यावरचे टीएन, केए, एपी पाटीचे ट्रक बघत आलेय. बाबांची वॅगनआर घेऊन त्या रस्त्याच्या शेवटापर्यंत एकटीनं जाऊन यायचं आहे. आई म्हणते, "नोकरी सोडलीस, लग्न लांबणीवर टाकलंस, आता हे काय नवीन काढलंस?" किती दिवस लागतील, किती पैसे लागतील, एकट्या मुलीनं जावं का, आणि आईला काय सांगू?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. आधी तुझ्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जावं. नक्की जावं. जाताना काय करायचं आणि काय नाही, ते मात्र सविस्तर सांगते. हाच रस्ता मी २००४ साली एकटीनं केला आहे आणि त्यात माझी एक मोठी चूक झाली होती.

तेव्हा मी ३८ वर्षांची होते. नागपुरातल्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि एम.एड.साठी रजा घेतली होती. वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे होते. जुनी मारुती ८०० होती. या रस्त्याला तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ७ म्हणायचे, २०१० नंतर नंबर बदलून तो ४४ झाला. चौपदरीकरणाची कामं चालू होती, दर वीस किलोमीटरला वळणरस्ता आणि धूळ. आता रस्ता उत्तम आहे. पण रस्ता उत्तम झाला की माणूस न थांबता पुढे पुढे जात राहतो, हे लक्षात ठेव.

माझी चूक परतीच्या वाटेवर झाली. जाताना मी सात दिवस घेतले, हवं तिथे थांबले. येताना वर्ग तोंडावर आले होते, म्हणून मदुराईहून दोन दिवसांत नागपूर गाठायचा हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला आदिलाबाद सोडल्यावर माझा डोळा लागला. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. डावीकडची चाकं कडेच्या खडीवर गेली, त्या खडखडाटानं जाग आली. समोर बाभळीचं झाड होतं, दहा-बारा हातांवर. गाडी थांबवली आणि पहाटेपर्यंत तिथेच काचा वर करून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एम.एड.चा पहिला तास होता. त्या तासाला काय शिकवलं त्यातलं एक अक्षर आठवत नाही, पण ते झाड आठवतं.

म्हणून सगळ्यात आधी परतीचे दिवस कागदावर लिही. जाण्याचं वेळापत्रक सगळेच करतात, येण्याचं करायला कुणी बसत नाही. जायला सहा, तिथे दोन, यायला सहा, म्हणजे चौदा दिवस. त्यावर दोन दिवस गाडी बिघडली किंवा पोट बिघडलं तर, असे धर. आणि घरी पोचल्यावर कॉलेजआधी निदान चार-पाच दिवस मोकळे ठेव. या दिवसांना हात लावायचा नाही. तुझ्याकडे पाच आठवडे आहेत, यात कुठेच ओढाताण नाही.

आता रस्ता. जाऊन-येऊन, इकडेतिकडे वळून साधारण साडेतीन हजार किलोमीटर होतील. मुक्काम मी असे करीन: निर्मल, कर्नूल, देवनहळ्ळी, सेलम, मदुराई, कन्याकुमारी. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेव. दुसरा सगळ्यात लांब, सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, कारण मध्ये हैदराबाद आहे. शहरात शिरू नकोस, मेडचलजवळ बाह्यवळण रस्त्यावर चढ आणि शमशाबादला उतर. बंगळूरही असंच अंगावर येतं. म्हणून त्याच्या अलीकडे विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीत राहा आणि पहाटे साडेपाचला निघून शहर पार कर. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, मग ठरवलेलं गाव तीस किलोमीटरवर असलं तरी. संध्याकाळी साडेपाचला जिथे असशील तिथे खोली शोध.

तू शिक्षिका होणार आहेस. कोणता विषय घेतलास ते लिहिलं नाहीस, तरी मी माझ्या विषयाचं सांगितल्याशिवाय राहणार नाही. हा रस्ता नद्या मोजत कर. तुझ्या घरून निघालीस की वडनेर ओलांडल्यावर वर्धा नदी. मग पांढरकवडा, पाटणबोरी, आणि पैनगंगेच्या पुलावर महाराष्ट्र संपतो. या दोन्ही नद्यांचं पाणी पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळतं, पण तू गोदावरी त्या संगमाच्या कितीतरी वर, निर्मलच्या पुढे सोनच्या पुलावर ओलांडशील. तिथलं पाणी त्र्यंबकेश्वर, पैठण, नांदेड करत आलेलं. पुलाच्या जरा वर पोचमपाडचं धरण आहे, ते बघ. मग बीचुपल्लीला कृष्णा, म्हणजे वाई-सांगलीचं पाणी. कर्नूलला तुंगभद्रा. मी शाळेत कित्येक वर्षं फळ्यावर या नद्या निळ्या खडूनं काढल्या होत्या. कृष्णेच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन खाली बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, की पुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायला किती वेळ लागतो, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. परत आल्यावर दरवर्षी सांगत आले.

माती बघत जा. आदिलाबादपर्यंत आपली काळी माती, कापूस, काळा दगड. निर्मलचा डोंगराळ भाग उतरलीस की हळूहळू लाल माती सुरू होते, आणि कामारेड्डीपासून पुढे शेतात एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे दिसतात. कुणी रचलेले नाहीत ते. फटींतून पाणी मुरून खडकाचे कोपरे झिजले, वरची माती वाहून गेली, आतले गोटे उघडे पडले. दख्खनच्या लाव्ह्याचा पसारा कुठे संपतो, हे तुला गाडीच्या काचेतून दिसेल. पुस्तकातल्या नकाशात ती नुसती एक रेघ असते.

पाऊसही असाच. तू जुलैत निघशील तेव्हा आपल्याकडे झड लागलेली असेल. अनंतपूरला पोचशील तर आभाळात ढग पळताहेत आणि खाली फुफाटा. सह्याद्रीच्या आडोशाला असल्यामुळे तो देशातल्या अगदी कोरड्या जिल्ह्यांपैकी एक आहे. तमिळनाडूत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे जुलैत तिथे तुला पावसाचा त्रास फारसा नाही. त्रास आहे तो वाऱ्याचा. तिरुनेलवेली सोडून कन्याकुमारीकडे जाताना आरळवायमोळीच्या खिंडीजवळून जावं लागतं. पश्चिम घाट तिथे तुटल्यासारखा आहे आणि नैऋत्येचा सगळा वारा त्या फटीतून घुसतो. म्हणूनच मुप्पंदलला पवनचक्क्यांचं रान आहे. जून ते ऑगस्ट हा वारा हलकी गाडी लेनमधून सरकवतो. वॅगनआर उंच आणि हलकी आहे. साठच्या वर जाऊ नकोस, दोन्ही हात स्टीअरिंगवर, आणि ट्रकला ओलांडून पुढे निघताना एकदम बाजूनं वारा लागतो, त्यासाठी तयार राहा.

दुसरी धोक्याची जागा धर्मपुरी आणि सेलम यांच्यामधला तोप्पूरचा घाट. बंगळूरकडून जाताना तो उताराचा आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या, ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांचे तिथे सारखे अपघात होतात. तू दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतर आणि मागच्या ट्रकला आधी पुढे जाऊ दे.

वाटेत दोन ठिकाणी थांबच. एक गुत्ती. हायवेवरूनच किल्ल्याचा खडक दिसतो. मुरारराव घोरपड्यांचं ठाणं ते. १७७६ मध्ये हैदरअलीनं वेढा घालून घेतलं. पाणी घेऊन सकाळी चढ, दुपारी खडक भाजून काढतो. दुसरं लेपाक्षी, हायवेपासून पंधरा किलोमीटर आत. तिथला एका दगडातला नंदी गावाच्या कडेला उघड्यावर बसलेला आहे. त्याच्या गळ्यातल्या माळेची एकेक घंटा जवळ जाऊन बघ.

टायर बदलायला निघण्याआधी शीक. गॅरेजवाल्यासमोर स्वतःच्या हातानं दोनदा बदल. माझी गाडी पामिडीला पेन्ना नदीच्या पुलापुढे पंक्चर झाली. नदीत पाणी नव्हतंच, नुसती पांढरी वाळू. जॅक लावला तर तो मातीत रुतायला लागला. मग एक सपाट फरशी शोधून खाली घातली. नट हातानं हलेनात, म्हणून पान्याच्या दांड्यावर उभी राहिले आणि अंगाच्या वजनानं एकेक सोडवला. शेळ्या वळणारी एक बाई येऊन उभी राहिली होती. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी नट खाली मातीत ठेवायला लागले तर तिनं पदर पुढे केला. चारही नट तिच्या पदरात. तिनं एक बोट वर केलं आणि गाडीतल्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मी मान हलवली. नवं चाक बसेपर्यंत ती हलली नाही, शेळ्या पार पुढे गेल्या तरी. मग नट एकेक करून माझ्या हातात दिले आणि गेली.

हे मी अशासाठी सांगतेय, की एकट्या बाईला वाटेत फक्त भीतीच भेटते असं घरचे समजतात. भीती असतेच. मलाही एकदा एका लॉजवर खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, तिथून रात्री आठला सामान उचलून मी निघून आले, दिलेले पैसे सोडून. तूही असंच कर. जागा नको वाटली की कारण शोधत बसायचं नाही, निघायचं. खोली घेताना आधी कडी आणि खिडकी बघ, मग भाडं विचार. कुणी विचारलं "एकट्याच का?" तर "भाऊ पुढच्या गावी वाट बघतोय" म्हण. असं खोटं सांगायला मी तुला शिक्षिका म्हणून परवानगी देते. ११२ आणि हायवेचा १०३३ हे नंबर फोनमध्ये ठेव. १०३३ वर गाडी बंद पडली तरी मदत मिळते. दर दोन तासांनी थांब, मोठ्या पेट्रोलपंपावर. लघवीला लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपल्या बायकांची सवय असते, स्वच्छतागृहाच्या भीतीनं. ती इथे चालणार नाही, पाणी कमी पडलं की गुंगी येते.

पैशांचं: गाडी लिटरला १७ देत असेल तर साडेतीन हजार किलोमीटरला दोनशे लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे बावीस हजारांच्या आसपास. मुक्काम रात्रीचे दीड हजार धरलेस तर वीस हजार. खाणं, गाडीचं सर्व्हिसिंग, टोल मिळून सगळे साठ हजारांत बसवता येईल. फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ पासून निघालाय, खासगी गाडीला राष्ट्रीय महामार्गावरच्या २०० फेऱ्या त्यात होतात. घेऊन टाक. हैदराबादच्या बाह्यवळणाचा टोल मात्र त्यात येत नाही. गाडी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये आणि कागदावरही ठेव. साठ हजार ही बी.एड.च्या वर्षातली मोठी रक्कम आहे, हे मला कळतं. फी भरून, वर्षभराच्या खर्चाचे बाजूला काढून उरत असतील तरच जा. नाहीतर कर्नूलपर्यंत जा आणि परत ये. रस्ता तिथेच राहणार आहे.

आता आई. तिला पटवायला बसू नकोस. पुढच्या रविवारी तिला गाडीत बसव आणि पैनगंगेच्या पुलापर्यंत ने. तुमच्या घरापासून शंभरेक किलोमीटर. पांढरकवड्याला चहा घ्या आणि परत या. तिनं तुला गल्लीत गाडी लावताना बघितलंय, हायवेवर ट्रकांच्या मधून शांतपणे नेताना बघितलेलं नाही. जे डोळ्यांनी बघितलं नाही, त्याची काळजी तिला वाटणारच. मग रोजच्या दोन वेळा ठरवा, सकाळी निघताना आणि संध्याकाळी खोलीत शिरल्यावर. संध्याकाळचा फोन चुकवायचा नाही. माझ्या वेळी मी एसटीडी बूथ शोधत फिरायची. आईनं नकाशा भिंतीला लावला होता आणि फोन झाला की त्या गावावर कुंकवाचं बोट टेकवायची. तो नकाशा माझ्याकडे आहे. कन्याकुमारीवरचा ठिपका सगळ्यात मोठा आहे.

तिथे पोचलीस की विवेकानंद शिलास्मारकावर जा. समुद्र खवळलेला असला तर बोट बंद ठेवतात, म्हणूनच तिथे दोन दिवस सांगितले. १९७० साली ते उभं राहिलं ते एकनाथजी रानड्यांच्या जिद्दीवर. ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे, एम.एस्सी.ला नागपूरला जाणार. त्याआधी मोटरसायकलवरून एकटी कन्याकुमारीला जाते म्हणते. मी तिला अडवू शकत नाही, पण झोप उडाली आहे. काय करू?
– एक वडील, अमरावती

उत्तर : दादा, तुमची झोप उडणं स्वाभाविक आहे. वरचं उत्तर तिला वाचायला द्या. मोटरसायकलीला काही गोष्टी वेगळ्या आहेत. हैदराबादच्या बाह्यवळणाच्या मुख्य रस्त्यावर दुचाकी चालत नाही, सर्व्हिस रोडनं जावं लागतं. दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर नको, म्हणजे चौदाच्या जागी वीस दिवस. आरळवायमोळीच्या वाऱ्याबद्दल मी गाडीसाठी लिहिलं ते दुचाकीला दुप्पट लागू आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तो टप्पा तिनं दुचाकीवरून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिरुनेलवेलीला मोटरसायकल लॉजवर ठेवून पुढे बसनं जावं. तिला हे कमीपणाचं वाटेल. तिला सांगा, की तिरुनेलवेलीच्या ताम्रपर्णी नदीकाठापर्यंत पोचलेली मुलगी अख्खं दख्खन ओलांडून आलेली असते.

आणि हेल्मेट तुम्ही स्वतः विकत घेऊन द्या, दुकानात तिला बरोबर नेऊन, डोक्याला नीट बसतं का ते बघून. अडवता येत नसेल तर सामानात हातभार लावा. तिला तेही लक्षात राहील.

प्रश्न : मी ५२ वर्षांची. लग्नामुळे बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं. आता मुक्त विद्यापीठातून पूर्ण करणार आहे. गाडी येत नाही. आयुष्यात एकटीनं लातूरच्या पुढे गेले नाही. अभ्यास सुरू व्हायच्या आधी एकदा एकटीनं कुठेतरी लांब जावं वाटतं. हसू नका.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, हसण्यासारखं यात काय आहे? पत्र वाचून मी तुमचा नकाशा काढून बसले.

एसटीनं जा. २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं परवडतं. उदगीर-लातूर-सोलापूर पहिला दिवस, सोलापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पंढरपूरवरून कोल्हापूर. तिसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून घाट उतरून मालवण. बालाघाटच्या माळावरून निघून समुद्रापर्यंत, म्हणजे महाराष्ट्र आडवा पार केलात. खिडकीची डावी सीट मागून घ्या. घाटात पोटात कालवेल, लिंबू आणि आलेपाक जवळ असू द्या. मालवणला तीन रात्री राहा, आणि किल्ल्याला होडीनं जायचं तर ऑक्टोबरनंतर जा, पावसाळ्यात होड्या बंद असतात. खोली बाजाराजवळ घ्या, म्हणजे संध्याकाळी एकटीनं फिरताना भोवती माणसं असतील.

एक वही बरोबर ठेवा. प्रत्येक स्थानकावर गाडी किती वाजता पोचली, कोण शेजारी बसलं, काय खाल्लं, एवढंच लिहा. तीस वर्षांनी हातात पेन धरायचं आहे, तर सवय आतापासून होईल. मालवणहून मला पत्र टाका.